जुन्या सैनिकी वस्तूंचा संग्रह : वस्तू घेण्याआधी तिची हकिगत घ्यावी

परळकर (धागाकर्ता)

जुन्या सैनिकी वस्तू जमवण्याची आवड मुंबईत आता बरीच रुजली आहे आणि ही आनंदाची बाब आहे, परंतु या छंदातील एक प्रघात मला सतत खटकतो. संगीन असो, पदक असो, शिरस्त्राण असो की पाण्याची बाटली, वस्तू हातात आली की पहिला प्रश्न किमतीचा निघतो, दुसरा ती चकचकीत कशी करायची याचा, आणि ती कुणाची होती, कुठल्या घरातून निघाली, विकणाऱ्याकडे कशी पोहोचली हे बहुधा कुणी विचारतच नाही. माझे म्हणणे असे की हकिगत आधी घ्यावी आणि वस्तू नंतर, कारण वस्तू पन्नास वर्षांनीही टिकून असेल, पण तिची हकिगत सांगणारा माणूस पुढच्या खेपेस दुकानात भेटेलच असे नाही.

राजेरजवाड्यांच्या शस्त्रांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला येथे साध्या शिपायाच्या सामानाबद्दल बोलायचे आहे. हे सामान मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवर मिळते, जहाजे तोडली जातात त्या दारूखान्यात मिळते, आणि सर्वांत मोलाचे सामान लालबाग-परळच्या चाळींतील जुन्या लोखंडी ट्रंकांत मिळते, कारण सातारा, रत्नागिरी आणि सांगलीकडून पलटणीत गेलेल्या कितीतरी माणसांची मुले-नातवंडे पुढे गिरणीच्या नोकरीसाठी याच भागात आली. चाळ पुनर्विकासाला गेली की माळा रिकामा होतो आणि ट्रंक भंगारात जाते.

पहिल्या महायुद्धाच्या पदकांचे उदाहरण घेतो. त्या युद्धात भारतातून तेरा लाखांच्या आसपास माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे 74 हजार परत आली नाहीत. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या दोन पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, तर 1914-15 चा तारा या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हाच मजकूर मागच्या सपाट बाजूस असतो. नाणे बघावे तसे पुढून-मागून बघून पदक खाली ठेवणाऱ्यांची नजर कडेवर जातच नाही. त्या काळी 103, 105, 110, 114, 116 आणि 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, आणि 1922 च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या छत्राखाली आल्या. यांपैकी 103, 110 आणि 117 या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या आणि 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत तेथील कुट या गावाच्या वेढ्यात अडकल्या होत्या. म्हणजे कडेवरच्या एका आकड्यावरून आपण तैग्रिस नदीच्या काठापर्यंत जाऊन पोहोचतो.

येथे एक सावधगिरी हवी. पदकावर 110 आहे म्हणून तो शिपाई कुटलाच होता असे लगेच लिहून मोकळे होऊ नये, कारण त्याच पलटणीची माणसे मागे डेपोतही होती आणि नंतर भरती होऊन गेलेलीही होती. सोबत 1914-15 चा तारा असेल, तर तो 1915 संपण्यापूर्वी रणभूमीवर पोहोचला होता एवढे नक्की म्हणता येते, आणि शक्यता बरीच वाढते. एखादा युद्धात पडला असेल, तर कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर त्याचा शोध विनामूल्य घेता येतो, आणि तेथे बरेचदा वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हासुद्धा सापडतो. इंग्रजी लिपीत आपल्या नावांची स्पेलिंगे वेडीवाकडी झालेली असतात, म्हणून नावापेक्षा सेवाक्रमांकाने आणि पलटणीने शोधावे.

जाणकारांनी आपापले अनुभव आणि मतभेद मोकळेपणाने लिहावेत.

नळबाजार

परळकर साहेब, धागा उत्तम आहे. मटण स्ट्रीटवर माझे जाणे-येणे जुने असल्यामुळे बनावट मालाबद्दल थोडे लिहितो.

पदकांत दोन प्रकारची फसवणूक चालते. पहिल्या प्रकारात पदक खरे असते, पण कडेवरचे मूळ नाव घासून दुसरे, अधिक भाव देणाऱ्या पलटणीचे नाव ठोकलेले असते. कड घासली की पदकाचा व्यास कमी होतो. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास 36 मिलिमीटर असतो, म्हणून खिशात व्हर्नियर कॅलिपर ठेवावा आणि चारही दिशांनी मोजावे. मूळ अक्षरे एका मापाची, एका खोलीची आणि एका ओळीत असतात, तर नंतरची अक्षरे डोलताना दिसतात. दुसऱ्या प्रकारात पदक साच्यातून ओतलेले असते. त्यावर बारीक छिद्रे असतात आणि राजाच्या केसांची रेष बोथट येते.

याच्या उलट बाजूने होणारे नुकसान मला अधिक लागते. ब्रिटिश वॉर मेडल सामान्यतः चांदीचे असते, परंतु भारतीय मजूर तुकड्यांना आणि पलटणीबरोबरच्या सेवेकऱ्यांना ते काशाचे दिले गेले. खेचर हाकणारे, पाणी वाहणारे, रस्ते खणणारे ते हे लोक. नवखा संग्राहक काळपट पदक पाहून ते खोटे आहे असे ठरवतो, दुकानदार ते पितळेच्या ढिगात टाकतो, आणि ज्या माणसांबद्दल आधीच फार थोडे लिहिले गेले आहे त्यांची उरलेली एकमेव खूणही नाहीशी होते. काशाचे पदक दिसले तर कृपया सोडू नका.

दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट आणखी वेगळी आहे. ब्रिटिश सैनिकांना बर्मा स्टार, आफ्रिका स्टार वगैरे तारे बिननावाचे मिळाले, पण भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर नावे घातली गेली. म्हणून परदेशी पुस्तक वाचून, नाव आहे म्हणजे कुणीतरी नंतर घातले आहे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी थांबावे.

संगिनींत 1907 च्या नमुन्याची लांब संगीन बाजारात सर्वाधिक येते. तिचे पाते 17 इंचांचे असते. पात्याच्या मुळाशी एका बाजूस मुकुट, नमुन्याचे साल, बनवल्याचा महिना-वर्ष आणि कारखान्याची खूण असते, तर दुसऱ्या बाजूस तपासणीचे ठसे असतात. इशापूरच्या रायफल कारखान्याची आर.एफ.आय. ही अक्षरे आणि भारतीय लष्करी मालकीचा आय अक्षरासह असलेला बाण ओळखायला शिकावे. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आखूड, 12 इंची पात्याच्या संगिनी बनल्या, त्यामुळे आखूड दिसली म्हणजे कुणीतरी कापली असे समजू नये.

गंजाचेही वय असते. तेजाबाने आणलेला गंज सगळीकडे एकसारखा तांबूस असतो आणि बोटाला लागतो. कालांतराने आलेला गंज गडद तपकिरी, जागोजागी वेगळा आणि मुठीच्या सांध्याशी दाट असतो.

न्यायदृष्टी

संग्रहाच्या चर्चेत कायदा नेहमी शेवटी येतो, म्हणून मी तो लवकर आणते.

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा 1972 चा आहे आणि तो 5 एप्रिल 1976 पासून लागू झाला. किमान शंभर वर्षे जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावशेष ठरते. यातून निघणारी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात आलेली नाही. 1914 ते 1918 च्या युद्धातील वस्तूंनी आता शंभरी ओलांडली आहे, त्यामुळे आजोबांच्या काळी सहज परदेशी पाठवता येणारे सामान आज खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी संग्राहकाने ऑनलाइन कितीही भाव दिला, तरी पार्सल पाठवणारा तुम्ही असता आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, हेही विकत घेताना लक्षात ठेवावे आणि पावती मागावी.

शस्त्र कायदा 1959 चा आहे. बंदुकीबाबत कलम 45 मध्ये जी सूट आहे, ती जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्याराला आहे, आणि तीसुद्धा ते दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. केवळ जुनी आहे एवढे कारण पुरेसे नाही. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, संगिनी आणि भाले यांचा वेगळा वर्ग आहे, म्हणजे वर उल्लेखलेली 1907 ची संगीन त्यात बसते. अशा धारदार शस्त्रांना परवाना लागतो की नाही हे त्या त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरते. मुंबईत राहणाऱ्याने पोलीस आयुक्तालयाकडे लेखी विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर वस्तूच्या कागदपत्रांत जपून ठेवावे. दुकानदाराचे तोंडी आश्वासन कामाला येत नाही, आणि उघडी संगीन पिशवीत घालून लोकलने प्रवास तर मुळीच करू नये.

तिसरा कायदा वन्यजीव संरक्षणाचा आहे. हस्तिदंती मुठीची कट्यार, गेंड्याच्या कातड्याची ढाल, वाघाच्या कातड्याचे म्यान या वस्तू कितीही जुन्या असल्या, तरी त्यांच्या खरेदी-विक्रीच्या वाटेला जाऊ नये.

प्रिन्सेस डॉक

शस्त्रांपेक्षाही गंभीर विषय दारूगोळ्याचा आहे, आणि मुंबईत तो पुस्तकी विषय नाही.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज पेटले. त्याच्या पोटात कापसाच्या गाठींबरोबर सुमारे 1,400 टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर झालेल्या दोन प्रचंड स्फोटांनी गोदी आणि आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त झाली, आणि आग विझवायला गेलेले अग्निशामक मोठ्या संख्येने मृत्यू पावले. आजही देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. त्या जहाजावरच्या सोन्याच्या विटा कित्येक दशकांनंतर गाळ उपसताना सापडल्या आणि न फुटलेले तोफगोळेही सापडले.

म्हणून सांगतो, बंदर भागातून, खाडीतून किंवा भंगारातून आलेला तोफगोळा, हातबॉम्ब अथवा जिवंत काडतूस कुणी कितीही खात्रीने रिकामे म्हणाले, तरी घरी आणू नये. जुनी स्फोटके काळाबरोबर निवत नाहीत, उलट त्यांतील काही अधिक नाजूक होतात. दिसल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे. रिकाम्या पितळी पुंगळ्यांच्या बुडावरचे ठसे वाचणे हा मात्र अतिशय सुंदर अभ्यास आहे, कारण के.एफ. ही अक्षरे दिसली की ती पुंगळी आपल्या खडकीच्या कारखान्यातून निघाली असे कळते, आणि तो कारखाना 1869 पासूनचा आहे.

दारूखान्याचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे लिहितो. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी सेवामुक्त झाली, काही वर्षे मुंबईतच तरंगते संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि 2014 मध्ये दारूखान्यात तोडली गेली. जहाज वाचावे म्हणून धडपडणारे लोक या शहरात होते, तरी ते वाचले नाही, आणि त्याचे दुःख माझ्या मनातून गेलेले नाही. तिच्या पोलादाचा काही भाग स्मारकासाठी वापरला गेला आणि काही मोटारसायकलींच्या निर्मितीत गेला. त्या काळात विक्रांतचे म्हणून विकले गेलेले पितळी दिवे, झडपा आणि पाट्या आजही बाजारात फिरतात. त्यांच्याबरोबर तोडणी-कंत्राटाचा कागद किंवा निदान विकणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी नसेल, तर ती वस्तू कुठल्याही मालवाहू जहाजाची असू शकते, आणि परळकरांचा मुद्दा येथे अगदी तंतोतंत लागू पडतो.

बख्तर

परळकरांनी राजेरजवाडे बाजूला ठेवले असले, तरी त्यांच्याच मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा त्या बाजूस आहे.

2025 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावात नागपूरकर सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची तलवार घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे. तशी पाती आपल्याकडे अनेक होती, कारण मराठ्यांच्या फिरंग या तलवारींना जर्मनीतील सोलिंगेनसारख्या ठिकाणांहून आलेली पाती बसवली जात. ही तलवार वेगळी ठरली ती पाठीवरच्या देवनागरी सोनेरी लेखामुळे. तो लेख नसता, तर ती सुंदर फिरंग म्हणूनच विकली गेली असती.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयासाठी उसनी दिलेली वाघनखे बघा. त्यांच्या पेटीवर ती साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे तेथील इंग्रजांचे प्रतिनिधी, जेम्स ग्रांट डफ यांच्याकडे कशी आली याचा मजकूर आहे, आणि तो मजकूर पडताळता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. त्यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. माझे मत असे की हा वाद करता येतो तोच मुळी त्या पेटीवरच्या चार ओळींमुळे. कुणीतरी, त्याच्या समजुतीप्रमाणे का होईना, लिहून ठेवले म्हणून पुढच्यांना तपासायला काही उरले. बिनपेटीच्या वाघनखांबद्दल वाददेखील संभवत नाही.

ज्यांना अस्सल काम डोळ्यांखाली घालायचे असेल, त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात वारंवार जावे. तेथे अकबराचे उरस्त्राण आणि ढाल आहे. कोफ्तगरीचे काम, म्हणजे पोलादावर खरवडून बसवलेली सोन्याची तार, तेथे जवळून पाहिली की बाजारातला सोनेरी मुलामा पुन्हा फसवू शकत नाही.

चिपळूणची लेक

मी या छंदातली नाही, पण गप्प राहवले नाही. आमच्या पणजोबांची पदके एका फिरत्या खरेदीदाराने चांदीच्या वजनाने नेली. आजी निरक्षर होती. कडेवर पणजोबांचे नाव आहे हे तिला कुणी वाचून दाखवले नाही, आणि ज्याला वाचता येत होते त्याने ते सांगितले नाही. आपण सर्व जण हकिगत घ्या म्हणता, पण हकिगत घेऊन वस्तूही घेऊन जाणे हे त्या घरावर दुहेरी अन्याय करणारे नाही का? कोकणात आणि साताऱ्याकडे कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर या गावातून महायुद्धात किती माणसे गेली आणि किती कामी आली एवढेच आकडे आहेत. साताऱ्याच्या आपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी 46 जण पहिल्या महायुद्धात पडले. पाटीवर आकडा आहे आणि नावे होती ती पदकांच्या कडांवर. ती नावे आपण बाजारात विकत आहात.

परळकर

ताई, आपला राग रास्त आहे आणि मी त्याचे उत्तर टाळणार नाही.

दुकानात पोहोचलेले पदक आणि घरात असलेले पदक यांत मी फरक करतो. दुकानातले पदक मी घेतले नाही, तर बरेचदा ते सोनाराच्या मुशीत जाते. अशी किती पदके वितळली याची गणती कुणाकडेच नाही. ते घेणे म्हणजे नाव वाचवणे आहे असे मी मानतो. घरातल्या पदकाबद्दल मात्र आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आधी कडेवरचा मजकूर त्या घराला मोठ्याने वाचून दाखवावा, पलटण कोणती, ती कुठे लढली हे सांगावे, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून त्यांना द्यावीत, आणि मग काही काळ जाऊ द्यावा. एवढे झाल्यावर बहुतेक घरे पदक विकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. संग्राहकाच्या हाती छायाचित्र आणि हकिगत राहिली, तरी त्याच्या कामाचे सार त्याला मिळालेले असते.

चिपळूणची लेक

घरातल्या पदकाबद्दल आपण म्हणता ते मला पटते. दुकानातल्या पदकाबद्दल मी अजून सहमत नाही, कारण मागणी आहे म्हणूनच तो फिरता खरेदीदार आमच्या दारात आला होता. निदान कडेवरून गाव सापडले, तर त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि शाळेला पत्र लिहिण्याचा नेम आपण सर्वांनी करावा, ही माझी मागणी आहे.

आणखी एक सांगते. कोकणातले सगळेच पलटणीत गेले नाहीत. असंख्य माणसे जहाजांवर खलाशी होती आणि तीही युद्धात बुडाली. त्यांच्या स्मरणार्थ मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. खलाशांची सेवापुस्तके, त्यांतील शिक्के, डाव्या अंगठ्याचे ठसे हे सगळे कागद आज रद्दीत जात आहेत. सैनिकी वस्तू जमवणाऱ्यांनी त्यांच्याकडेही बघावे.

प्रिन्सेस डॉक

ताईंच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. पत्राचा एक मसुदा तयार करून याच धाग्यावर ठेवतो.

शिवडीची खाडी

मी वस्तुसंवर्धनाचे काम करते, म्हणून टिकवण्याबद्दल लिहिते. मुंबईत हा प्रश्न इतर शहरांपेक्षा अवघड आहे, कारण येथे पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहते आणि समुद्राकडून येणाऱ्या हवेत क्षार असतात. क्षार बसलेले लोखंड कमी आर्द्रतेतही गंजत राहते. ते वरून साफ दिसते आणि आतून पापुद्रे सुटत जातात.

सर्वांत आधी पॉलिश थांबवा. चिंच, लिंबू, राख, पितळ चमकवण्याचे द्रव, यांतल्या प्रत्येकाने धातूचा एक थर निघून जातो, आणि पदकाच्या बाबतीत तो थर म्हणजे नावाची अक्षरे असतात. चांदीवरचा काळेपणा तिला खात नाही, तो तसाच राहू द्यावा. काशावर मात्र फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसू लागली, तर ती वस्तू ताबडतोब इतरांपासून वेगळी करून कोरड्या डब्यात ठेवावी, कारण क्लोराइडमुळे होणारी ती झीज आपोआप थांबत नाही.

पाते म्यानात ठेवू नये. लाकडी आणि चामडी म्याने ओलावा धरतात, आणि चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला लागतात. पाते आणि म्यान शेजारी शेजारी, पण वेगळे ठेवावे. पात्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा) अगदी पातळ हात द्यावा. खाद्यतेल लावल्यास ते चिकट होऊन धूळ धरते. पट्ट्यांना आणि म्यानांना खोबरेल किंवा एरंडेल लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे, परंतु दमट हवेत त्यावर बुरशी हमखास येते आणि तेल शिवणीच्या दोऱ्यात उतरून तो कुजवते. कोरड्या मऊ ब्रशने झाडणे एवढेच चामड्याला पुरते.

कपाटाबद्दल लोक विचार करत नाहीत. प्लायवूडच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते आणि तिने शिसे पांढरे पडून भुकटी होते. बंदुकीच्या जुन्या शिशाच्या गोळ्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी त्या काचेच्या बरणीत ठेवाव्यात आणि हाताळल्यावर हात धुवावेत, कारण ती पांढरी पूड विषारी आहे. रंग पक्का वाळलेले पोलादी कपाट या कामी चांगले. त्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे. पावसाळ्यात हे वरचेवर करावे लागते, त्याला इलाज नाही. पदकांसाठी मऊ पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे वापरू नयेत, त्यांतून सुटणारे द्रव्य काशाला हिरवे करते. पॉलिएस्टरचे कप्पे किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे घ्यावीत. रबरबँड आणि वर्तमानपत्र या दोन्ही गोष्टी संग्रहातून हद्दपार कराव्यात.

लोकरी कोट, कांबळी आणि पायाला गुंडाळायच्या पट्ट्या यांना कसर लागते. डांबरगोळ्यांपेक्षा चांगला उपाय असा की वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दव धरते. फिकट झालेली मूळ फीत काढून नवी फीत लावणे हाही एक अपराधच आहे, कारण ती फीत त्या माणसाच्या छातीवर होती.

घाटवाटसरू

गडांवर फिरताना तोफगोळा, बाणाचे टोक किंवा शिशाची गोळी दिसली की उचलून आणणारे ट्रेकर मी पाहतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन 1878 च्या निखात निधी कायद्याने घातले आहे, आणि संरक्षित गडावर परवानगीवाचून उकरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. धातुशोधक यंत्र घेऊन जाणाऱ्यांची तर गय करू नये. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, गोळा तटाच्या आतल्या बाजूस पडला होता की बाहेरच्या, किती खोल होता, कोणत्या बुरुजाखाली होता यावरून वेढ्याचा मोर्चा कुठे होता हे ठरते. उचलला की तो केवळ लोखंडाचा गोळा उरतो. 2025 च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, तेव्हापासून गर्दी वाढलेली आहे. वस्तू दिसल्यास जागेवरच छायाचित्र काढावे, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.

नळबाजार

शिवडीच्या ताईंना एक प्रश्न आहे. परळकर म्हणतात त्या हकिगती मी एका नोंदवहीत लिहून ठेवतो, पण वस्तू आणि वहीतील नोंद यांची ताटातूट होऊ नये म्हणून क्रमांक वस्तूवर कसा घालावा? चिकटपट्टी सुटते आणि डाग ठेवते.

शिवडीची खाडी

चिकटपट्टी नकोच. धातू, लाकूड किंवा इनॅमलच्या वस्तूवर, चटकन दिसणार नाही अशा जागी, पॅरालॉइड बी-72 या राळेचा ॲसिटोनमध्ये केलेला पातळ थर नखाएवढ्या भागावर द्यावा. तो वाळल्यावर टिकाऊ शाईने क्रमांक लिहावा आणि वर पुन्हा एक थर द्यावा. पुढे कुणाला तो काढायचा झाल्यास ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो आणि वस्तूला इजा होत नाही. रंगवलेल्या किंवा लाखेच्या पृष्ठभागावर हे करू नये, कारण ॲसिटोनने मूळ रंग विरघळतो. तेथे सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधावी. कापडावर धुतलेल्या सुती फितीचा तुकडा घेऊन त्यावर क्रमांक लिहावा आणि तो मोजक्या सैल टाक्यांनी आतल्या शिवणीवर शिवावा. पदकावर काहीही लिहू नये. पाकिटावर लिहावे आणि तेही पदक आत घालण्यापूर्वी, पेन्सिलीने.

परळकर

धन्यवाद, ताई. नोंदीत काय असावे याविषयी माझी पद्धत लिहून ठेवतो. तारीख, जागा, विकणाऱ्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, आणि त्याखाली वेगळ्या शाईने माझा स्वतःचा अंदाज. या दोन गोष्टी कधीही एका वाक्यात मिसळू नयेत. विकणारा म्हणाला की हे शिरस्त्राण बर्माहून आले, तर तसेच लिहावे, आणि ठशावरून ते वेगळे वाटत असेल तर ते खाली लिहावे, वरचे वाक्य खोडू नये. कडेचा मजकूर चुकीच्या स्पेलिंगसह जसाच्या तसा उतरवावा. वहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी असावी, आणि आपल्या पश्चात हा संग्रह कुठे जावा हे तिच्या पहिल्या पानावर असावे. मराठा पलटणीच्या वस्तूंसाठी मी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरचे नाव लिहिले आहे. घरचे पत्ते सापडले, तर आधी ती घरे. चिपळूणच्या ताईंनी सुचवलेल्या पत्राचा मसुदा प्रिन्सेस डॉक यांनी येथे टाकला की माझ्याकडील ज्या पदकांची गावे लागली आहेत, त्यांची पत्रे मी प्रथम पाठवतो.